आधारपटल आणि लाला ग्रंथींचा कर्करोग

१९५२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आले होते. कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप समाधानकारकपणे उलगडलेली नाही, याकडे त्यांनी मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन यांचे लक्ष वेधले. शहरातीलच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटीतील कंडरा मिळाली. तिच्या क्ष-किरण चित्रांच्या आधारे रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये दाखवून दिले की, तीन साखळ्यांना एकत्र पीळ बसून कोलॅजेनचा रेणू बनतो.

कंडरेत असे रेणू शेजारी शेजारी रचले जाऊन दोरासारखे तंतू तयार होतात. चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पिळात जागोजागी खंड पडलेले असल्याने ते लवचिक असते. त्याचे रेणू टोकांशी जोडले जाऊन जाळे विणतात. हे जाळे म्हणजे आधारपटलाचा सांगाडा होय.

लाला ग्रंथीतील लाळ स्रवणाऱ्या पेशी व नलिका अशा पटलावर वसलेल्या असतात. रक्तवाहिन्या व मज्जातंतू त्याच्या पलीकडे असतात. मारक अर्बुदाच्या पेशींना ही सीमा ओलांडावी लागते. अमेरिकेतील लान्स लिओटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये उंदरांतील अर्बुदांवरून असे दाखविले की, चौथ्या प्रकारचे कोलॅजेन विरघळविण्याची शक्ती अधिक, तर दूरवर पसरण्याची शक्तीही अधिक.

परंतु लाला ग्रंथींच्या एका कर्करोगाने हा सरळ हिशेब अवघड केला आहे. ग्रंथिसम पुटीय कर्करोगाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली चाळणीसारखा दिसतो आणि त्या छिद्रांत आधारपटलाचेच द्रव्य साठलेले असते. म्हणजे हे अर्बुद भिंतीचे साहित्य स्वतःच विपुल निर्माण करते. तरीही ते मज्जातंतूंच्या कडेने सरकत जाते आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी फुप्फुसांत प्रकट होऊ शकते. म्हणून कोलॅजेन आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ते कोठे आहे, सलग आहे की तुटलेले, हे पाहावे लागते.

रुग्णाच्या दृष्टीनेही यात एक बोध आहे. कानाखालची गाठ सावकाश वाढते, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. चेहऱ्याच्या हालचाली घडविणारा मज्जातंतू तेथील ग्रंथीतूनच जातो. चेहऱ्याची एक बाजू दुर्बल होऊ लागली, तर सीमा ओलांडली गेल्याचा संशय घेणे भाग पडते. तपासणी त्याआधीच झालेली बरी.