उजेडाच्या रेघांची चित्रे



दिवाळीत आपण फुलबाजी गोल फिरवतो तेव्हा काय दिसतं? पेटलेलं टोक एका वेळी एकाच जागी असतं, पण आपल्याला अख्खं कडं दिसतं. याचं कारण आपला डोळा. पाहिलेला उजेड डोळ्यात क्षणभर, सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा, टिकून राहतो. तेवढ्यात टोक पुढं जातं आणि रेघ जोडली जाते. गुरुजींनी सांगितलं की जळतं कोलीत फिरवून दिसणाऱ्या चक्राला संस्कृतात अलातचक्र म्हणतात. म्हणजे ही गंमत फार जुन्या लोकांनाही ठाऊक होती.

पण डोळ्यातली रेघ लगेच पुसते. ती कागदावर ठेवायची तर कॅमेरा पाहिजे. कॅमेऱ्यात एक झडप असते, तिला शटर म्हणतात. दिवसा ती अगदी डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडून मिटते. अंधारात ती ८-१० सेकंद उघडी ठेवली, तर तेवढ्या वेळात उजेड जिथून जिथून फिरला तिथं तिथं रेघ उमटते. मोबाईलमध्येही हा वेळ ठरवता येतो.

थोडा इतिहास

१८८९ साली फ्रान्स देशात मारे आणि देमनी या दोघांनी माणसाच्या अंगावर छोटे दिवे बांधून त्याच्या चालण्याचा फोटो काढला. चालताना कोणता सांधा कसा हलतो ते त्यांना पाहायचं होतं. पुढं १९१४ च्या सुमारास अमेरिकेत गिलब्रेथ पतिपत्नींनी कामगारांच्या हाताला दिवे लावले आणि हात उगाच कुठं जास्त फिरतो ते शोधलं. १९४९ साली पिकासो या मोठ्या चित्रकाराने अंधारात हवेतच दिव्याने चित्रे काढली. त्यांचे फोटो जॉन मिली यांनी घेतले. म्हणजे हा नुसता खेळ नाही, अभ्याससुद्धा आहे.

साहित्य

लाल, निळा व पांढरा असे छोटे एलईडी दिवे, ३ व्होल्टचे चपटे सेल, चिकटपट्टी, वेळूची काडी, पतंगाचा रंगीत कागद, मोबाईल आणि दोन विटा.

एलईडीला दोन तारा असतात. लांब तार सेलच्या अधिक बाजूला व आखूड तार उणे बाजूला लावायची. उलट लावली तर दिवा पेटत नाही. निळ्या व पांढऱ्या दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल दिव्याला सुमारे २ पुरतात. म्हणून पेन्सिल सेलची जोडी वापरून लाल दिवा लावायचा असेल तर मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घालावा, नाहीतर दिवा जळतो.

सावधान! चपटा सेल लहान भावंडांच्या हाती देऊ नका. तो गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननळी भाजते. लगेच दवाखाना गाठावा लागतो. घरातल्या विजेच्या पिनला तर हातच लावायचा नाही.

कृती

१. काडीच्या टोकाला दिवा बांधला की उजेडाची लेखणी तयार. वरून पतंगाचा कागद गुंडाळला की रंग बदलतो.

२. मोबाईल दोन विटांमध्ये घट्ट उभा करावा. हातात धरला तर सगळ्या रेघा थरथरतात.

३. वेळ १० सेकंद ठेवून हवेत अक्षर काढावे. समोरच्याला ते उलटं दिसतं, म्हणून आरशातल्यासारखं लिहायची सवय करावी.

४. सायकलच्या चाकाच्या कडेला दिवा बांधून सायकल समोरून आडवी न्यावी. दिवा चाकाबरोबर गोल फिरतो, पण फोटोत गोल न येता कमानी येतात. एका कमानीची रुंदी म्हणजे चाकाचा घेर. आमच्या ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे २२० सेंटिमीटर भरला. दोरीने मोजून पाहा, तेवढाच येतो!

स्वारगेटचा फोटो

शेजारी चिकटवलेला मोठा फोटो पुण्याच्या स्वारगेटचा आहे. मामाच्या इमारतीच्या गच्चीवरून जेधे चौक दिसतो. मामाने कठड्यापासून लांब उभं राहायला सांगितलं आणि ८ सेकंदांचा फोटो घेतला. तो नीट वाचा. पांढऱ्या रेघा आपल्याकडं येणाऱ्या गाड्यांच्या, लाल रेघा जाणाऱ्यांच्या. उंचावरच्या रेघा एसटीच्या. तुटक तुटक रेघ दिसते ती वळणाऱ्या गाडीची, कारण तिचा दिवा उघडझाप करतो. जिथं रेघ नाही, नुसता ठळक ठिपका आहे, तिथं गाडी सिग्नलला थांबली होती. मेट्रो स्वारगेटला २९ सप्टेंबर २०२४ रोजी आली, पण ती जमिनीखालून धावते, म्हणून तिची रेघ नाही.

आता सांगा, या फोटोत माणसं कुठं आहेत? एसटी स्टँडसमोर तेव्हा गर्दी होती. लोक पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होते. फोटोत एकही नाही! मी मामाला विचारलं, "माणसं गेली कुठं?" मामा म्हणाला, "ज्याच्याजवळ दिवा नाही आणि जो चालतोय, तो पुसला गेला बघ."

मैदानावरचा प्रयोग

हे मला काही सोडवेना. म्हणून गावी आल्यावर गुरुजींच्या देखरेखीखाली अंधार पडल्यावर शाळेच्या मैदानात प्रयोग केला. तीन मुलं एका ओळीत चालली. पहिल्याच्या हातात एलईडी, दुसऱ्याकडं काहीच नाही, तिसऱ्याच्या दप्तराला लाल चमकपट्टी. मोबाईलजवळून बॅटरीचा उजेड टाकला होता.

निरीक्षण : पहिल्याची पांढरी रेघ आली. तिसऱ्याची लाल रेघ आली. दुसरा फोटोत नाहीच.

अनुमान : चमकपट्टीला स्वतःचा उजेड नसतो. पण आलेला उजेड ती जिथून आला तिकडंच परत पाठवते. कॅमेरा तर १० सेकंद उजेड साठवतो, तरी दुसरा मुलगा दिसला नाही. गाडी चालवणाऱ्याचा डोळा एवढा वेळ उजेड साठवू शकत नाही. त्याला काळोखात आपण कसे दिसणार?

पालकांना विनंती

ऊसतोड सुरू झाली की आपल्या रस्त्याने रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या कारखान्याला जातात. आमचे बाबाही ट्रॅक्टर चालवतात. ते घरी येईपर्यंत आई जागी असते. हा फोटो मी बाबांना दाखवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ट्रॉलीला मागे लाल, बाजूला पिवळ्या आणि पुढं पांढऱ्या चमकपट्ट्या लावल्या. पण लावून भागत नाही. चिखल बसला की पट्टी आंधळी होते आणि उसाची लोंबणारी वाढं तिला झाकून टाकतात. म्हणून निघायच्या आधी मी फडकं मारतो आणि बाबा वाढं वर खोचतात.

तुमच्या गाडीला, सायकलला आणि आमच्या दप्तरांना पट्टी लावा. रात्री पायी जाताना हातात बॅटरी ठेवा. रस्त्यावर प्रत्येकाची एक रेघ उमटली पाहिजे.