एका संगणकात पाच बिऱ्हाडे

समजा वैभववाडीच्या एखाद्या शाळेला पाच संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचे आहेत. एकावर ग्रंथालयाची यादी, दुसऱ्यावर हजेरी व गुणपत्रके, तिसऱ्यावर धडे व चित्रफिती, चौथ्यावर शाळेचे संकेतस्थळ आणि पाचवा मुलांना मोडतोड करून शिकण्यासाठी. इतर संगणक मागतील ती माहिती पुरविणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. प्रत्येक यंत्र सरासरी ६० वॅट वीज घेते असे धरा. पाचांचे ३०० वॅट, म्हणजे २४ तासांत ७.२ युनिट वीज खर्च होईल. आणि गंमत अशी की, यातले प्रत्येक यंत्र दिवसाचा बहुतेक वेळ रिकामेच बसलेले असते!

मग पाचही कामे एकाच यंत्रावर टाकली तर? टाकता येतील, पण पाचव्या कामात एखाद्या मुलाने घोटाळा केला, तर गुणपत्रकेही अडकून पडतील. आपल्याला यंत्र एक हवे, पण बिऱ्हाडे निरनिराळी हवीत. हे काम हायपरव्हायजर नावाची आज्ञावली करते. एकाच खऱ्या संगणकात ती अनेक आभासी संगणक उभे करते. हे एक यंत्र १०० वॅट घेते असे मानले, तर दिवसाला २.४ युनिटांत भागेल.

ती हे कसे साधते? प्रत्येक बिऱ्हाडात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि तिची अशी समजूत असते की सारे यंत्र आपलेच आहे. साधी बेरीज-वजाबाकी ती प्रक्रियकाकडून थेट करून घेते. परंतु 'ही डिस्क पुसून टाक' अशी यंत्राच्या मुळाशी जाणारी आज्ञा तिने दिली, की प्रक्रियक तेथेच थांबतो आणि कारभार हायपरव्हायजरच्या हाती देतो. आज्ञा कोणत्या बिऱ्हाडातून आली हे पाहून, हायपरव्हायजर ती त्या बिऱ्हाडापुरतीच पाळतो. पुसली जाते ती त्याची आभासी डिस्क. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ही युक्ती १९६० च्या दशकातच साधली होती. आपल्या टेबलावरील संगणकांच्या प्रक्रियकांवर मात्र ती अवघड होती, कारण त्यांच्या काही आज्ञा हायपरव्हायजरकडे न जाता परस्परच चालत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीने अशा आज्ञा चालण्यापूर्वीच हेरून बदलून टाकण्याची पद्धत वापरली. पुढे २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकातच तशी सोय केली.

जुलै २००८ मध्ये व्हीएमवेअरने ईएसएक्सआय हा आपला हायपरव्हायजर विनामूल्य देण्यास सुरुवात केली. त्याला मर्यादा होत्या. उदाहरणार्थ, अनेक सर्व्हरांचा कारभार एका जागेवरून पाहण्याची सोय त्यात नव्हती. पण शिकणाऱ्याला तो पुरून उरे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही विनामूल्य आवृत्ती बंद झाल्याचे जाहीर झाले.

त्या दिवशी जगभरचे असे सर्व्हर बंद पडले का? नाही. बसवलेली आज्ञावली चालतच राहिली. नव्याने घेण्याची वाट तेवढी बंद झाली. धोका हळूहळू येतो. आज्ञावलीत पुढे एखादा दोष सापडला आणि त्याची दुरुस्ती मिळाली नाही, तर त्या एका फटीतून पाचही बिऱ्हाडांत चोर शिरू शकतो. (पावसाळ्यात घाटाकडून गडगडले की आमच्याकडे वीज जाते, तेव्हाही पाचही बिऱ्हाडे एकदमच अंधारात. एकाच यंत्राची ही किंमत आहेच.)

एप्रिल २०२५ मध्ये ईएसएक्सआयची विनामूल्य आवृत्ती पुन्हा देण्यात आली. मग प्रश्न सुटला म्हणायचे काय? आपल्या गावातले उदाहरण घ्या. शेजारी त्याच्या परड्यातल्या विहिरीचे पाणी भरू देतो, पैसे घेत नाही. उद्या तो नको म्हणाला, तर भांडता येत नाही. परवा पुन्हा हो म्हणाला, तरी विहीर त्याचीच. कंपनीला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. पण फुकट आणि मुक्त यांतला फरक विद्यार्थ्यांना येथे नेमका कळावा. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेला केव्हीएम हा हायपरव्हायजर मुक्त परवान्याखाली आहे. हाती आलेली आवृत्ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, पुढे द्यावी. परवान्याच्या अटी पाळणाऱ्याचा हा हक्क मागाहून काढून घेता येत नाही. ही गावकीची विहीर. अर्थात तिचा गाळ गावानेच उपसायचा असतो! तो बसवायला आणि सांभाळायला शिकलेले कोणीतरी शाळेत हवेच.

आता बिऱ्हाड हलवायचे कसे? आभासी संगणकाची डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक फाईल असते, हे येथे उपयोगी पडते. क्यूईएमयू या मुक्त आज्ञावलीबरोबर येणारे एक साधन व्हीएमवेअरची फाईल केव्हीएमला चालणाऱ्या स्वरूपात बदलून देते. तरी सगळे सरळ होत नाही. बिऱ्हाडात विंडोज असेल आणि नव्या आभासी डिस्कशी बोलणारी आज्ञावली तीत आधी बसवलेली नसेल, तर ते कधी कधी सुरूच होत नाही. म्हणून मूळ फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी आणि मोडतोडीच्या पाचव्या बिऱ्हाडापासून सुरुवात करावी. गुणपत्रकांना हात सर्वांत शेवटी, आणि तोही निकाल लागून गेल्यावर.