मेंडोलिन स्टेजवर गोड वाजायला खर्च किती?

जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात मेंडोलिनचा छोटासा तुकडा येतो आणि गाणं उजळतं. तोच तुकडा सभागृहात पत्र्यावर खिळे सांडल्यासारखा ऐकू आला, की वादक पिकअपला दोष देतो आणि दुकान गाठतो. मीही हेच केलं. चिकटवायचा स्वस्त पिकअप काढून बराच महाग बसवला. आवाज जवळपास तसाच राहिला. चूक पिकअपची नव्हतीच.

आधी बिनखर्चाचा उपाय. साथीला फक्त तबला-पेटी असेल, तर साउंडवाल्यांचा शुअर एसएम ५७ किंवा ५८ माइक पुरतो, आणि लाकडाचा खरा आवाज त्यातूनच येतो. माइक वाद्यापासून वीतभर अंतरावर, मान पोटाला मिळते त्या जागेकडे रोखावा. थेट स्वरछिद्रासमोर धरला तर आवाज घुमतो. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवायला सांगा. या माइकना मागचं सर्वांत कमी ऐकू येतं, म्हणून शिट्टी टळते. आवाज कमी वाटला तर आधी स्वतः जवळ सरका: अंतर निम्मं झालं की सुमारे ६ डेसिबल वाढतात. स्वतःचा माइक घ्यायचा तर ९ ते १२ हजार रुपये धरा.

शेजारी ड्रम, ऑक्टोपॅड, बेस गिटार असेल तर मात्र पिकअप लागतोच. चिकटवायचा पिकअप (पीझो) ३०० ते ८०० रुपयांत मिळतो. घोडीतच बसवलेला चांगला आयात पिकअप १२ ते २५ हजारांपर्यंत जातो. चिकटवताना जपा, जोरकस टेप पॉलिश उपटून काढते.

खरी मेख पुढे आहे. पीझोला पुढच्या यंत्राचं इनपुट निदान १ मेगाओहमचं, म्हणजे १० लाख ओहमचं लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण १० हजार ओहमचं असतं. पीझो थेट तिथे जोडला की खालचे स्वर गळून जातात आणि वरचा कर्कश भाग तेवढा उरतो. म्हणून मध्ये प्रीअ‍ॅम्प हवा. साधारण ८ ते २५ हजारांत अकूस्टिक वाद्यांसाठीचा मिळतो. इनपुटचा आकडा माहितीपत्रकात वाचूनच घ्या. स्वस्त पॅसिव्ह डीआय बॉक्सने हे काम होत नाही. फेज उलटवायचं बटण असेल तर उत्तमच, शिट्टी सुरू झाली की ते एकदा दाबून पाहावं.

मेंडोलिनची सर्वांत जाड तार १९६ हर्ट्झवर मिळवलेली असते. त्यामुळे १५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं तरी वाद्याचं काही जात नाही, फक्त स्टेजची धडधड जाते. २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उतरवला की खिळे थांबतात.

कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास इलेक्ट्रिक मेंडोलिन वाजवत. भरीव लाकडाच्या अशा वाद्याला शिट्टीचा त्रास फार कमी, पण त्याचा स्वभावच वेगळा. पोकळ मेंडोलिनचा गोडवा हवा असेल, तर तो पर्याय नाही.

खिशात दहाच हजार असतील, तर हजारभर पिकअपला आणि उरलेले प्रीअ‍ॅम्पला घाला. दुकानात मात्र स्वतःचं मेंडोलिन घेऊन जा आणि त्याच्यावर वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.