शांती नगरात इमारत रंगवताय? आधी ओला फडका फिरवा

मीरा रोडच्या शांती नगरात जुन्या चार मजली इमारती रंगाला काढल्या, की सर्वसाधारण सभेत वाद रंगतो तो लिटरच्या भावावर. विचारायला हवं ते हे, की रंगातल्या पिगमेंटच्या कणांना ते धरून ठेवणाऱ्या ॲक्रिलिक बाइंडरने किती नीट वेढलं आहे?

पांढरेपणा देणारा टायटॅनियम डायऑक्साइडचा कण मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा असतो. तो उघडा राहिला तर उन्हात शेजारचं बाइंडर खात सुटतो आणि भिंतीला हात लावला की भुकटी हाताला येते. स्वस्त रंगात खडूसारखी भर जास्त आणि बाइंडर कमी असतं, म्हणून नवा असताना तो छान झाकतो आणि लवकर सुटतो.

प्रयोगशाळेत हे वेष्टन मोजायची रीत साधी आहे. उघडा कण पाण्याच्या चौपट जड, ॲक्रिलिक जेमतेम पाण्याएवढं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की उघडे कण तळाशी बसतात. वेढलेले कण वाळवून सहाशे अंशांच्या आसपास जाळले, की पॉलिमर उडून जातं आणि पांढरी राख उरते. वजनातली घट म्हणजे कणांवरचं पॉलिमर. सोसायटीने यावर पैसे घालवू नयेत. कंपनीच्या प्रतिनिधीकडे त्या बॅचचा आयएस १५४८९ या भारतीय मानकाप्रमाणे चाचणी अहवाल मात्र लेखी मागावा.

आपली चाचणी भिंतीवर करा. पावसाच्या बाजूला दोन बाय दोन फुटांचे दोन नमुने, दोन्ही रंगांचे दोन-दोन हात. दोन आठवडे थांबा, मग ओला काळा फडका दोन्हींवर सारखाच जोर देऊन घासा. ज्याने फडका जास्त पांढरा केला, तो बाद. प्लास्टर नवं असेल तर अठ्ठावीस दिवस मुरू द्या, नाहीतर ओल्या सिमेंटचा क्षार चांगल्या रंगालाही बदनाम करतो.

आता हिशेब, उदाहरणादाखल. २०,००० चौरस फूट भिंत, दोन हातांना लिटरमागे ५० चौरस फूट धरले तर ४०० लिटर रंग. २०० रुपयांचा रंग ८०,०००ला, ४०० रुपयांचा १,६०,०००ला. फरक ८०,०००, ३२ घरांत वाटला तर घरटी २,५००. परांची आणि मजुरी दोन्हींत तेवढीच, आणि स्वस्त रंग लवकर उडाला तर तीच पुन्हा मोजावी लागते. घरटी अडीच हजार वाचवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

गळती आणि भेगांची दुरुस्ती मात्र रंगाआधी. तीस वर्षांवरच्या इमारतीला गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. ते झाल्याशिवाय रंगाची निविदा काढू नका. कोटेशनमध्ये रंगाचं पूर्ण नाव, हातांची संख्या आणि पाणी किती घालायचं हे लिहून घ्या. डबे सोसायटीच्या आवारातच उघडले जावेत, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घाला.