ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही: खर्च शंभराचा की आठ हजारांचा?

पावसाने उघडीप दिली, वाफसा आला, की अख्ख्या शिवारात एकाच सकाळी ट्रॅक्टर लागतो. उन्हाळाभर उभी असलेली गाडी नेमकी त्याच सकाळी चावी फिरवल्यावर ‘कट्’ करते आणि गप्प बसते. मग घाईघाईत नवी बॅटरी येते. ८० ते १०० अँपिअर-तासाची ट्रॅक्टरची बॅटरी जुनी परत देऊन साधारण सहा ते नऊ हजारांना पडते. बिघाड बॅटरीतच असेल तर हा खर्च योग्यच. पण पुष्कळदा तो सडलेल्या टर्मिनलमध्ये, ढिल्या अर्थच्या केबलमध्ये किंवा क्लचजवळच्या छोट्या स्विचमध्ये असतो. नवी बॅटरी तो काही दिवस झाकते, एवढंच. शेतकऱ्याचे हे पैसे वाचावेत असं मनापासून वाटतं, म्हणून हा लेख. खालचे दर तालुक्याच्या गावातले ढोबळ दर आहेत; कंपनी आणि मॉडेलप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

सुरुवात आवाजापासून करा. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नसेल, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही: फ्यूज, चावीचा स्विच, रिले, सेफ्टी स्विच किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी. एकच जोरकस ‘कट्’ आला, तर सोलेनॉइड ओढला गेला आहे; मोटर फिरत नाही, ती कार्बनमुळे किंवा जाड केबलच्या जोडामुळे. ‘कटकटकट’ असा भराभर आवाज म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी कमी किंवा टर्मिनल ढिलं. सेल्फ सुसाट फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात पाहा. आणि इंजिन चांगलं गरगर फिरतंय पण चालू होत नाही, तर बॅटरी-सेल्फच्या नादी लागू नका. डिझेलमध्ये हवा धरली असेल, फिल्टर चोंदला असेल, किंवा चावीने बंद होणाऱ्या गाडीत डिझेल तोडणारा सोलेनॉइड अडकला असेल.

दुकानात जाण्याआधी एक डिजिटल मल्टीमीटर घ्या. तीनशे ते सहाशे रुपयांत कामापुरता मिळतो आणि वर्षानुवर्षं घरच्या मोटरपासून सोलर पंपापर्यंत सगळीकडे उपयोगी पडतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी, चावी न फिरवता मोजा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी म्हणजे खराब नव्हे. आधी दुकानात देऊन मंद करंटवर पूर्ण चार्ज करून घ्या. त्याला पन्नास ते दीडशे रुपये लागतात. मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी मीटर पाहा. भरलेल्या बॅटरीचा आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आणखी नेमकं सांगतो. भरलेल्या बॅटरीत प्रत्येक सेलचं रीडिंग १.२६० ते १.२८० च्या दरम्यान येतं. पाच सेल सारखे आणि एकच ५० पॉइंटहून जास्त खाली, तर तो सेल गेला. अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको आणि ॲसिड तर नकोच.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित जागा. टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा आला की तो कोणालाही दिसतो. खरा घात आतून होतो. क्लॅम्प काढून त्याची आतली कड बघा: शिसं चकचकीत असायला हवं, तिथे काळपट, बोटाला न लागणारा पातळ थर असतो. तेवढ्या थराने करंट अडतो. केबलच्या लगजवळ रबर थोडं मागे सारा. आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून चुरगळत असतील तर ती केबल बाहेरून कितीही धड दिसली तरी बाद. खताची पोती वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर हे फार लवकर होतं, कारण युरियाची ओलसर धूळ सगळीकडे बसते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, पॉलिश पेपरने घासा, आवळून बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना अर्थची म्हणजे निगेटिव्ह केबल आधी, लावताना ती शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथे बिडी किंवा ठिणगी नको.

जोड खरंच खराब आहे का, हेही मीटर सांगतो. गाडी न्यूट्रल करा आणि इंजिन बंद करायची नॉब ओढून धरा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट दोषी. तीच तपासणी पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत करा. जाड केबल लगसह तीनशे ते सातशे रुपयांत होते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

सेफ्टी स्विचबद्दल ठामपणे लिहायला हवं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये क्लच पूर्ण दाबल्याशिवाय, किंवा गिअर वा पीटीओ न्यूट्रलला आल्याशिवाय सेल्फ लागत नाही. चिखलाने हा स्विच अडकतो. नवा दीडशे ते पाचशे रुपयांत मिळतो. पण गावोगाव त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून टाकतात, किंवा खाली उभं राहून सेल्फच्या बोल्टवर पाना टेकवून गाडी चालू करतात. गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी पुढे सरकते आणि माणूस मोठ्या चाकाच्या समोरच उभा असतो. अशा अपघातांत जीव गेलेले आहेत. वायरी पिळलेल्या दिसल्या तर आधी स्विच बसवून घ्या. जुना ट्रॅक्टर विकत घेताना तर हे हमखास बघा.

दोष सेल्फमध्येच निघाला, तरी नवा घ्यायची घाई नको. कंपनीचा नवा सेल्फ सात ते बारा हजारांपर्यंत जातो. दुरुस्ती बहुतेक वेळा त्याच्या चौथाईत होते. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्वतः थांबा. तो सेल्फ पकडीत आवळून थेट बॅटरीवर फिरवून दाखवेल, मग मागचं झाकण काढेल. झिजलेले कार्बन नखाएवढे उरलेले असतात आणि आत काळी भुकटी साचलेली असते. कार्बनचा संच दोनशे ते चारशे, बुश शंभर-दीडशे, सोलेनॉइड सहाशे ते दीड हजार, बेंडिक्स सहाशे ते बाराशे, मजुरी तीनशे ते सहाशे. आर्मेचर जळालं असेल तरच नव्याचा हिशेब करावा. जुने सुटे भाग मागून घ्या. मेकॅनिक शेतावर बोलावला तर त्याची येण्या-जाण्याची रक्कम आधी ठरवा.

बॅटरी वरचेवर उतरत असेल तर चार्जिंग बघा. इंजिन मध्यम रेसवर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर बेल्ट ढिला असेल किंवा अल्टरनेटर दुरुस्तीला आला असेल. दुरुस्ती आठशे ते दोन हजार, नवा साडेतीन हजारांपासून. मीटरचा आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तो नवी बॅटरीसुद्धा उकळवून मारेल. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर अँप्लिफायर, स्पीकर आणि दिव्यांच्या माळा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात. पोरांची हौस आहे, ती असावी. पण त्या जोडणीला फ्यूज, रिले आणि वेगळा स्विच बसवा. पाच-सहाशे रुपयांचं काम आहे. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा, त्याला काहीच खर्च नाही.

इतकं करूनही बॅटरीच घ्यायची ठरली, तर तीन-चार गोष्टी पाहा. अँपिअर-तास पुस्तिकेत दिल्याइतकेच हवेत आणि खुंटांची बाजू जुन्यासारखीच, नाहीतर केबल पोचत नाही. वॉरंटी दोन आकड्यांत लिहिलेली असते. पहिल्या मुदतीत फुकट बदल, दुसऱ्या मुदतीत फक्त किमतीत सूट. दुकानदार दोन्हींची बेरीज सांगतो, तुम्ही पहिला आकडा विचारा. सप्टेंबर २०२५ पासून लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तेवढाच लागलाय ना, ते बघा. जुन्या बॅटरीचे पैसे वजनावर ठरतात, म्हणून ती समोर तोलून घ्या आणि ती रक्कम बिलात वेगळी दाखवायला सांगा. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि बॅटरीचा सिरियल नंबर दुकानातच लिहून घ्या. मुदतीत असूनही बदलून देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिल, कार्ड आणि मीटरवरचे तुमचे आकडे हाताशी ठेवा.