घर घेताना परसदाराची वाट आधी बघा



आपल्या एका गटातल्या ताईंनी गावठाणात घर घेतलं. दोन भावांत वाटणी झालेलं जुनं घर, त्यातली धाकट्याची बाजू. पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे गुंठाभर मोकळं परसदार. शेळ्या बांधू, परसबाग करू, संडास मागे काढू, असा ताईंचा हिशोब. किंमत परवडणारी होती. गटानं कर्ज मंजूर केलं. परसदारी जायची वाट थोरल्या भावाच्या बाजूच्या बोळातून होती. "वापरा की ताई, आपलीच माणसं," असं ते चारचौघांत म्हणाले होते.

दोन वर्षांनी थोरल्याच्या मुलाचं लग्न ठरलं. खोली हवी होती, ती त्यांनी बोळाच्या जागेवर बांधली. जागा त्यांची, त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्या दिवसापासून ताईंच्या परसदाराला बाहेरून वाट उरली नाही.

मग शेळ्या सकाळ-संध्याकाळ ओटीतून, माजघरातून, चुलीच्या शेजारून. चारा, सरपण, लेंडीखताच्या पाट्या, सगळं घरातून. सून बाळंत झाली, तिची खाट माजघरात आणि शेळ्यांची वाट तिच्या उशाशी. शेवटी ताईंनी शेळ्या विकल्या. कर्जाचा हप्ता मात्र चालूच आहे.

ते कर्ज मंजूर झालं त्या बैठकीत मी होते. आम्ही किंमत विचारली, छप्पर गळतं का ते विचारलं, परतफेड कशी करणार ते विचारलं. मागे कुठून जाणार, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. म्हणून आजचा हा धडा.

हा त्रास कुणाला होतो?

घर बघायला बहुतेक पुरुष मंडळी जातात. ओटीवर बसतात, चहा होतो, भाव ठरतो. परसदारातलं काम मात्र आपलं असतं. शेण, चारा, सरपण, भांडी, धुणं, भाजीचे वाफे. संडासाचंही तसंच. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर पहिला खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करतात. बंद खड्ड्यातलं खत वर्ष-दीड वर्षानं काढायचं असतं. सेप्टिक टाकी असेल तर उपसायच्या गाडीचा पाइप तिथवर पोचायला हवा. बाहेरून वाट नसेल तर हे सगळं स्वयंपाकघरातून होणार. म्हणून घर बघायला घरातल्या बाईनं गेलंच पाहिजे.

सवलत आणि हक्क यात फरक आहे

शेजाऱ्यानं "जा की इथून" म्हटलं, ती सवलत झाली. ती तो कधीही काढून घेऊ शकतो. हक्क वेगळा. त्यासाठी १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. बोलताना आपण त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतो. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. दुसऱ्याच्या जागेतून २० वर्षं उघडपणे, न अडवता, हक्कानं ये-जा केली असेल तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. परवानगी मागून केलेली ये-जा त्यात धरत नाहीत.

२. एकाच मिळकतीचे भाग पडले आणि एका भागाला दुसरी वाटच राहिली नाही, तर गरजेची वाट मागता येते. पण तुमच्या घरातून मागे जाता येत असेल, तर "वाट आहेच की" असं उत्तर मिळतं. नुसती गैरसोय इथे पुरत नाही. आपल्या ताई इथेच अडकल्या.

३. सगळ्यात पक्कं म्हणजे वाटेचा हक्क लिहून, नोंदणी करून घेणं. बोळ ज्याच्या मालकीचा, त्याचीच सही लागते. घर विकणाऱ्यानं दुसऱ्याच्या बोळाचा शब्द दिला तर त्याला अर्थ नाही.

इसार देण्याआधी

- घराला बाहेरून पूर्ण फेरी मारा. फेरी जिथे अडेल तिथे थांबा आणि विचारा, ही जागा कुणाची?
- बोळाची रुंदी टेपनं मोजा. डोक्यावर भारा घेऊन स्वतः चालून बघा. जनावर न्यायचं असेल तर तेही जाईल का बघा.
- ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. त्यावरून मालकी पक्की होत नाही आणि बोळही कळत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका आणि नकाशा बघा.
- वाटणीचं घर असेल तर वाटणीपत्र मागा. सामाईक बोळ त्यात लिहिलाय का बघा.
- खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. बोळ कोणत्या बाजूला, किती फूट, कुणाचा की सामाईक, हे तिथे लिहून घ्या.
- वाट नसेल आणि तरी घर घ्यायचं असेल, तर भाव त्या हिशोबानं करा.

घर आधीच घेतलं असेल तर

शेजाऱ्याशी भांडण होण्याआधी बोला. तीन-चार फुटांची पट्टी विकत मिळते का, की मोबदला देऊन वाटेचा हक्क नोंदवून मिळतो, ते विचारा. दोन्ही जमलं नाही तर घरातच एका भिंतीकडेनं तीन फुटांची पडवी वेगळी काढता येते का, ते गवंड्याला दाखवा. ओटी लहान होते, पण चूल आणि शेळ्या वेगळ्या होतात. आपल्या ताई आता हेच करतायत. कागद करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत सल्ला घ्या. महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

पुढच्या बैठकीत हे करा

प्रत्येकीनं आपल्या घराचा नकाशा जमिनीवर खडूनं काढायचा. परसदारी जायची वाट दाखवायची आणि सांगायचं: ही वाट माझी, सामाईक, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीची? मेहेरबानीची निघाली तर ती कागदावर कशी आणायची, यावर गटानं बोलायचं.

आणि घरासाठी कर्जाचा अर्ज आला, तर मंजुरीआधी गटातल्या दोघींनी त्या घराच्या मागे जाऊन यायचं. बाहेरून.