पीस लिली घ्यावी की स्नेक प्लांट?

प्रश्न : आमच्या हॉलला उत्तरेची एकच खिडकी आहे. दर महिन्याला आठ-दहा दिवस आम्ही गावी जातो. पीस लिली आणि स्नेक प्लांट दोन्ही अंधारात वाढतात, असं नर्सरीत सांगितलं. कोणतं घ्यावं? घरात मांजर आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अंधारात कोणतंच झाड वाढत नाही. ही दोन्ही कमी उजेड सोसतात, एवढंच. भर दुपारी दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र वाचता येतं, तिथे कुंडी ठेवा. तुमची खिडकी त्याला पुरेशी आहे.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. पीस लिली मुळात अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातल्या ओलसर जंगलांतली. माती सुकली की तिची सगळी पानं देठासकट खाली लोळतात. पाणी दिलं की काही तासांत पुन्हा उभी राहतात, पण हे वारंवार झालं तर पानांची टोकं करपतात. एप्रिल-मेमध्ये दहा दिवस ती पाण्याविना राहणार नाही. स्नेक प्लांट मात्र जाड पानांत आणि मातीखालच्या कंदात पाणी साठवतो. तो मरतो बहुधा जास्त पाण्यानेच. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घाला. पावसाळ्यात हात आखडताच ठेवा. बशीत पाणी साचू देऊ नका.

दोन्ही झाडं मांजरांना बाधतात. पीस लिली चावली तर तोंडाची आग होते, स्नेक प्लांटने उलट्या-जुलाब होतात. कुंडी मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवता येत असेल, तर निर्धास्तपणे स्नेक प्लांट घ्या.